बोळकीचा दात

३ जून

टिंबू,

कामाचं पत्र आहे, घाबरू नकोस.

पत्ता आईच्या जुन्या वहीतून घेतला. तुझ्या नावापुढे तिने तीन पत्ते खोडून चौथा लिहिला होता. तो तरी खरा असेल असं धरून चालते. फोनच करणार होते. पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर वाईट वाटेल, आणि नाही ठेवलास तर पुढे बोलू काय? म्हणून पत्र.

तर काम असं. संग्रहालयात समुद्री जीवांचं नवं दालन होतंय. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर दोन माणसांच्या उंचीएवढं एकच चित्र लावायचं ठरलंय, आणि ते आहे आपल्या बोळकीचं. तू बावीस वर्षांपूर्वी शाईने काढलेलं, टिंब टिंब करून. त्या टिंबांवरूनच मी तुला टिंबू म्हणायला लागले होते. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण मागच्या खोलीत एक टेबल आणि एक मायक्रोस्कोप मला राहू दिलाय. दालनाच्या उद्घाटनाला माझा सत्कार करणार आहेत म्हणे. भाषणं राहू द्या, माझ्या खुर्चीचं चाक तेवढं दुरुस्त करा, असं सांगितलंय मी.

चित्राच्या कोपऱ्यात तुझी सही आहे, म्हणून तुझी परवानगी लागते. फॉर्म जोडलाय. फुली केली आहे तिथे सही कर. परतीच्या पाकिटाला तिकीट लावलंय.

चित्राखाली लावायचा मजकूर मी नव्या क्युरेटरला सांगितला तो असा, बघून घे:

"हा डाग नाही, शेवाळ नाही. ही प्राण्यांची वसाहत आहे. उष्ण समुद्रात दगडांच्या खालच्या बाजूला, रिकाम्या शिंपल्यांवर, धक्क्याच्या खांबांवर ती कवचासारखी चिकटून पसरते. नखाएवढ्या जागेत शेकडो खोल्या आणि एका खोलीत एक जीव. खोलीला चुन्याच्या भिंती, जाळीचं छत आणि पुढे एक गोल दार. खायची वेळ झाली की दारातून केसांसारख्या भुजांचा झुपका बाहेर येतो. दाराशेजारी एक बारीकशी चोच असते, ती उघडझाप करत राखण करते. या जातीच्या दाराला दात नसतो, म्हणून तिच्या लॅटिन नावाचा अर्थ 'बोळकी'. आढळ: आतला उपसागर, जुना धक्का, प्रवाळाचा कट्टा. दीपगृहाच्या खडकावर आढळत नाही."

आई काय म्हणायची आठवतं? "दगडाला नायटा झालाय, आणि माझ्या पोरी त्याला भिंग लावून बसल्यात." क्युरेटरला सांगितलं तर तो म्हणे, हेच लिहू या भिंतीवर.

बाकी मी बरी आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. 

तुझी
ताई

ता. क. क्युरेटर म्हणतो, मूळ कागदावर एका दाराच्या खालच्या कडेला खरवडल्यासारखं दिसतंय. तुझ्या हातून शाई सांडली होती का? सांडली असेल तर फॉर्मच्या मागे तेवढं लिहून टाक, म्हणजे विषय मिटेल.


१९ जून

टिंबू,

फॉर्म मिळाला. सही नाही. फुलीच्या जागी तुझ्या त्याच बारीक अक्षरात चार शब्द: "हे चित्र माझं नाही."

मी तो टेबलावर पालथा घातला, चहा केला, प्यायले आणि परत उलटून बघितला. चारच शब्द होते.

त्या ताज्या कलमाची मला लाज वाटते. पत्र पेटीत टाकलं आणि पुढच्या क्षणी ते बाहेर काढता येतं का बघत होते. नाही येत. बासष्ट वर्षांची बाई पोस्टाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभी! येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

आता सांगूनच टाकते. दात आहे.

झालं असं, की भिंतीसाठी चित्र मोठं करायला क्युरेटरने मूळ कागद मशीनखाली घातला. एवढं मोठं केल्यावर त्या खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू दाढीच्या खुंटासारखे उभे दिसायला लागले. त्याने मला विचारलं, मी म्हटलं शाई सांडली असेल. तो गेला. पण हा प्राणी चिकट आहे. आपल्या बोळकीपेक्षा चिकट. त्याने कपाटातून मूळ दगड काढला, भिंगाखाली धरला, कडेच्या खोल्या एकेक करून बघितल्या आणि माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, बोळकीला दात आहे," असं म्हणाला, घरात कुणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात. माझी दातखीळच बसली.

मग मीही बघितलं. दाराच्या खालच्या ओठावर, बरोबर मध्यभागी, एक टोकदार दात. वसाहतीच्या मधल्या खोल्या जुन्या, त्यांच्या दाराभोवतीची कड चुन्याने चढत गेलेली असते, त्यामुळे दात आत बुडतो. कडेच्या खोल्या नव्या असतात, तिथे तो उघडा असतो. तू तेव्हा हेच म्हणत होतीस. "ताई, कडेचं बघ. मधलं सगळं म्हातारं आहे." आणि मी आपली मधलंच बघत बसले. मला दिसला नाही, टिंबू. नजरचूक झाली.

क्युरेटर म्हणतो, नियतकालिकात छोटीशी दुरुस्ती छापू: "मूळ वर्णनात दात नजरचुकीने नोंदवायचा राहिला." एवढंच. अशा चुका सगळ्यांच्याच हातून होतात, कुणी नाव ठेवणार नाही. नाव मात्र बदलता येत नाही. एकदा जातीला नाव ठेवलं की ते खोटं ठरलं तरी राहतं, असा आमचा नियम. म्हणजे ही बया तोंडात दात घेऊन जगाच्या अंतापर्यंत बोळकी म्हणून मिरवणार.

आईला आपलं भांडण शेवटपर्यंत उमजलं नाही. मला विचारायची, "कशावरून गं?" मी म्हणायचे, "एका दातावरून." "म्हणजे कुणी कुणाचा पाडला?" मावशी सांगत होती, तू पुढच्या वेळी घरी गेलीस तेव्हा आईने तुझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं होतं. खरं का हे?

झालं गेलं, सोडून दे आता. नवा फॉर्म पाठवू का?

ताई


२ जुलै

टिंबू,

उत्तर आलं नाही. बरं केलंस. त्या पत्राला उत्तर देण्यासारखं काही नव्हतं.

परवा मी माझ्याच पत्राची नक्कल वाचली (सवय, मी अजून सगळ्याची नक्कल ठेवते) आणि "नोंदवायचा राहिला" या शब्दांशी अडकले. राहिला कसा? तू तर नोंदवला होतास. चांगला काढला होतास, काळ्या शाईने, त्यावर उजेड कुठून पडतो तेही दाखवलं होतंस. मग तो गेला कुठे? कागदाने गिळला?

मी खरवडला. शाई कुणाच्याही हातून सांडली नव्हती. तुला हे माहीतच आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस. म्हणून लिहिते.

तो दिवस सांगते, माझ्या बाजूने. तू चित्र घेऊन आलीस तेव्हा खोलीत मोठे सर होते आणि भांडारातला तो गोष्टीवेल्हाळ माणूस होता, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत. मी चित्र बघितलं आणि म्हटलं, "हे काय? हा कचरा आहे, पुसून टाक." तू म्हणालीस, "कचरा सगळ्या खोल्यांत एकाच जागी कसा बसेल?" मी म्हटलं, "तू चित्र काढ, शास्त्र माझ्यावर सोड." तू म्हणालीस, "मी दिसतं तेच काढते. तुला बघायचंच नसेल तर तसं सांग." आणि तो भांडारवाला चिठ्ठी चाटता चाटता म्हणाला, "वा! धाकटीने मोठीला दात दाखवला!"

मोठे सर हसले. तूही हसलीस, जरासं. मला आजही ते हसू दिसतं. त्यात काहीही वाईट नव्हतं गं. पण माझं डोकं फिरलं. मोठ्या सरांच्या निवृत्तीच्या ग्रंथात माझा लेख जायचा होता, जातीचं नाव मी सगळ्यांना सांगून बसले होते, बोळकी, बोळकी म्हणून महिनाभर मिरवत होते. आणि कोण मला शिकवणार? जिने पदवीचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं ती? जिचं शेंबडं नाक मी पुसलं ती? हे असं मनात आलं होतं. याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तू टाकांची निबं धुवायला खाली गेलीस. शाई खरवडायचं तुझं पातं कागदात गुंडाळून टेबलावर होतं. मी चार वेळा फिरवलं. हलक्या हाताने, तू करतेस तसं. वर फुंकर मारली. शेजारचं एक टिंब त्यात गेलं, म्हणून तुझ्याच टाकाने मी एक टिंब दिलं. जाडं आलं. तुझ्या हजार टिंबांत ते एकटं गावठी टिंब अजून तिथे आहे, क्युरेटरच्या मशीनवर बशीएवढं दिसतं.

ग्रंथ छापून आला तेव्हा तू उभ्या उभ्याच पान उघडलंस. तू आरडाओरडा केला असतास तर मला बरं वाटलं असतं, मी दुप्पट ओरडले असते. तू त्या टिंबावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "हे टिंब माझं नाही." दाताबद्दल चकार शब्द नाही. खाली तुझी सही, वर माझं टिंब.

तू मोठ्या सरांकडे गेलीस. त्यांनी मला बोलावलं. मी काय सांगितलं ते तुला नंतर कळलं असणारच, कारण त्या महिन्यानंतर तुझं काम बंद झालं आणि फाइलवर "दृष्टिदोष" असा शेरा पडला. मी म्हटलं होतं, "सर, तिची नजर गेली आहे. बिचारीला नसलेलं दिसतं. मी सांभाळून घेत होते, पण किती दिवस?" बिचारी हा शब्द मी मुद्दाम घातला होता. तो लागू पडतो हे मला माहीत होतं.

चित्रकारणीची नजर गेली म्हटल्यावर तिला कोण काम देणार? कुणी दिलं नाही. तू कवळ्या करणाऱ्याच्या कारखान्यात लागलीस, मेणात खोटे दात बसवायला. मावशीने हे सांगितलं तेव्हा मी हसले, टिंबू. खोटं कशाला बोलू? दातावरून भांडली आणि दातांतच गेली, असं म्हणून मी हसले. मावशी फोनवर गप्प झाली होती. तिचं ते गप्प बसणं मला आता ऐकू येतं.

आईचे शेवटचे दात तूच केलेस, हे मला ती गेल्यावर कळलं. फार छान बसायचे तिला. 

तुझी ताई असं लिहिणार होते, पण राहू दे.


११ जुलै

टिंबू,

मागच्या पत्रात मी सगळं कबूल केलं असं तुला वाटलं असेल. मलाही दोन दिवस वाटलं. हलकं हलकं वाटत होतं. मग लक्षात आलं की सगळ्यांत वाईट ते मी शिताफीने बाजूला ठेवलंय. मागच्या पत्रातली ताई रागीट आहे, गर्विष्ठ आहे, पण तिला दात दिसलाच नव्हता. म्हणजे तिला क्षमा आहे.

मला दिसला होता.

पातं फिरवल्यानंतर तीन आठवड्यांनी लेखाची प्रूफं आली. त्या दिवशी तू घरी होतीस, तापाने. तू दीपगृहाच्या खडकावरून आणलेले सात दगड माझ्या टेबलाखाली टोपलीत पडून होते. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून तू ते उलटे करून करून निवडले होतेस, ताप त्यामुळेच आला होता. मी म्हटलं, आढळाच्या यादीत दीपगृह घालण्यापूर्वी एकदा नजर टाकावी. टाकली. तिथे लाटा दगडांना सतत उलटवतात, वसाहतींना म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही. सगळ्याच खोल्या नव्या. सातही दगडांवर, प्रत्येक दारात दात. इतका उघड की तो न दिसायला डोळे मिटूनच बसावं लागलं असतं.

प्रूफं समोर होती, लाल पेन हातात होतं. एक वाक्य बदलायचं होतं. नाव बदललं असतं, चित्र नवीन गेलं असतं, ग्रंथ महिनाभर लांबला असता, आणि मला तुझ्याकडे येऊन "तुझं बरोबर होतं" म्हणावं लागलं असतं. मी लाल पेनाने दीपगृह खोडलं. त्याच्या जागी लिहिलं, "दीपगृहाच्या खडकावर आढळत नाही." सात दगड एका खणात घातले, वर "अनिश्चित" अशी चिठ्ठी लावली आणि खणाला कुलूप घातलं.

म्हणजे मोठ्या सरांसमोर तुझ्या नजरेबद्दल बोलले तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर तू डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणून माझ्या टेबलावर ठेवली होतीस. "दोन्ही डोळे सहा बाय सहा." तू ठेवलीस आणि निघून गेलीस. मी ती फेकली नाही. मी ती पुस्तकात खूण म्हणून घातली. बावीस वर्षं मी ती चिठ्ठी एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकवत वाचन करते आहे. सोबत पाठवते. तिच्यावर चहाचा डाग आहे, तो माझा.

आणखी एक. दहा वर्षांपूर्वी जुना धक्का लांबवायचा ठरला तेव्हा बंदर खात्याने संग्रहालयाला विचारलं होतं, दीपगृहाच्या खडकावर नोंद घेण्यासारखं काही आहे का. पत्र माझ्याकडे आलं. मी माझ्याच लेखाचा हवाला देऊन "काही नाही" असं कळवलं. खडक बुजवला. तुझे सात दगड तेवढे राहिलेत.

काल मी खणाची किल्ली क्युरेटरला दिली आणि सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. म्हणाला, "मॅडम, हे सांगायची गरज नव्हती. नजरचूक म्हटलं असतं तर भागलं असतं." मी म्हटलं, "अरे बाबा, तोच तर शब्द चालत नाही. नजर सगळ्यांची ठीक होती. माझीसुद्धा."

मी दुरुस्तीत लिहिलेलं वाक्य तुला आधी दाखवते: "या जातीच्या दाराच्या खालच्या ओठावर एक टोकदार दात असतो. मूळ चित्रकर्तीने तो पाहिला होता व काढला होता. प्रस्तुत लेखिकेने तो चित्रातून खरवडला. दीपगृहाच्या खडकावरचे सात नमुने तिने जाणूनबुजून वगळले. चित्रकर्तीच्या दृष्टीत कोणताही दोष नव्हता."

उद्घाटनाच्या भिंतीवर ते चित्र लावू नका असं मी कळवलंय. हे चित्र तुझं नाही. माझंही नाही. कुणाचंच नाही ते.

उत्तराची वाट बघत नाही. म्हणजे बघते, पण तू त्याचं ओझं घेऊ नकोस.

ताई


६ ऑगस्ट

टिंबू,

तुझं कार्ड सोमवारी आलं. वर मायना नाही, खाली नाव नाही. असू दे. इतक्या वेळा वाचलंय की आता पाठ म्हणून दाखवीन:

"दात टोकदार नाही. रुंद आहे, वर सपाट, दोन्ही कोपरे बाहेर वळलेले. ऐरणीसारखा. टोकदार म्हणून छापू नकोस, पुन्हा चूक होईल. रोज दात करते, मला कळतं."

खरं सांगू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगातली जुनी ताई फणकारली. मी स्वतः बघून लिहिलंय, या नव्या डाव्या डोळ्याने, आणि ही तिकडे बसून, बावीस वर्षं दगड न बघता, मला सांगते! हो, असं आलं मनात. एवढं रामायण होऊनसुद्धा आलं. काय करू? पत्रं लिहून माणूस बदलत नाही लगेच.

मग मी खुर्ची ओढली, चाक अजून तसंच आहे, आणि दगड क्रमांक चार भिंगाखाली घेतला. टोकदारच दिसला. म्हटलं, बघ! आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की मी पुन्हा सरळ वरूनच बघते आहे. दगड तिरका केला, मातीच्या गोळ्यावर टेकवून, तू करायचीस तसा. दाराच्या कडेने झाकलेले दोन्ही कोपरे बाहेर आले. रुंद. वर सपाट. ऐरणीसारखा.

बरोबर आहे तुझं.

हे तीन शब्द मी मोठ्याने म्हणाले. क्युरेटर शेजारच्या टेबलावरून "काय मॅडम?" म्हणाला. मी परत म्हणाले.

पंचाईत अशी की दुरुस्तीची प्रूफं मी शनिवारीच तपासून परत पाठवली होती. संपादकांना फोन लावला. ते आधीच माझ्यावर वैतागले होते; दोन-तीन आठवडे आमची घासाघीस चालली होती, ते "खरवडला" काढून "नजरचुकीने" घाला म्हणत होते आणि मी ऐकत नव्हते. शेवटी त्यांनी हात टेकले होते, आणि आता मी परत फोनवर. म्हणाले, "बाई, एका शब्दाने काय बिघडतं? छपाई सुरू व्हायची आहे." मी म्हटलं, "एका शब्दानेच बिघडलं होतं. थांबवा." ते थांबले. काल अंक आला. "टोकदार" गेला, "ऐरणीच्या आकाराचा" आला. बाकी वाक्यं मी तुला लिहिली होती तशीच्या तशी आहेत. त्याखाली एक ओळ आहे, "दाताचा आकार मूळ चित्रकर्तीने दुरुस्त केला." अंक सोबत आहे. पान एकवीस.

सत्कार रद्द झाला, ते ठीकच. संचालकांनी मागच्या खोलीतलं टेबल महिनाअखेर रिकामं करायला सांगितलंय. चांगल्या शब्दांत सांगितलं, पण सांगितलं. भांडारवाला अजून जिवंत आहे. त्याने कुणाकडून तरी ऐकलं आणि भेटायला आला. म्हातारा झालाय. दारातच म्हणाला, "तेव्हा मी तोंड आवरलं असतं तर?" मी म्हटलं, "तुमचं तोंड नव्हतं हो ते, माझा हात होता." त्याच्या तोंडात कवळी आहे. नीट बसत नाही, बोलताना सरकते. तुझ्या कारखान्यातली नसणार.

दालन उघडलं. भिंत मोकळीच आहे. लोक येतात, मोकळ्या भिंतीसमोर थबकतात, पुढे जातात. क्युरेटर म्हणतो, घाई नाही.

आता जे मागायचं नाही ते मागते. या पत्रासोबत एक लाकडी डबी येईल. तिच्यात कापसात गुंडाळलेला दगड क्रमांक चार आहे, तुझ्याच हाताने उचललेला. रीतसर पावती करून पाठवलाय, या वेळी काही लपवलेलं नाही. डबीत एक कोरा जाड कागदही आहे, तू वापरायचीस तोच. दुकानदाराने तीन ठिकाणी फोन करून मागवला. काढावंसं वाटलं नाही तर दगड तुझ्याकडेच राहू दे, क्युरेटरला मी समजावीन. रागाने परत पाठवलास तरी मी काही म्हणणार नाही.

आणि काढलंस तर तुला दिसतं ते काढ. मी हात लावणार नाही.

ताई